धडधाकट दिसणाऱ्यांसाठी ब्लू बॅज

आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपर्यंत ६० मीटर आहेत. मोबाइलच्या नकाशावर मोजलेले, आणि नवऱ्याचा नकाशावर विश्वास नाही म्हणून त्याने टेप लावून पुन्हा मोजलेले. चांगल्या दिवशी मला तिथे पोचायला मिनिटभर लागतं. वाईट दिवशी अडीच ते तीन मिनिटं, तीही वाटेत शेजाऱ्यांच्या लाकडी कुंपणाला धरून एकदा थांबून. इंग्लंडमध्ये राहत असाल, वरून ठणठणीत दिसत असाल आणि ब्लू बॅजसाठी, म्हणजे अपंगांना मिळणाऱ्या पार्किंगच्या सवलतीच्या कार्डासाठी, अर्ज करायचा विचार असेल, तर फॉर्म उघडण्याआधी तुमच्या घराजवळचं असं एक अंतर शोधा. एक चांगला दिवस आणि एक वाईट दिवस निवडा, घड्याळ लावा, चाला आणि लिहून ठेवा. पुढे हे आकडे इतके कामाला येतात की मी आधी तेच सांगतेय.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, २०१६ पासून. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती कुरतडते. कुठे कुरतडलं जातं त्यावर काय बिघडणार ते ठरतं. माझं बिघडलं ते उजवं पाऊल, तोल, थकवा आणि लघवीवरचा ताबा. यातलं काहीही फोटोत येत नाही. सकाळी दहाला मला पाहिलंत तर म्हणाल, हिला काय धाड भरलीय. दुपारी दोनला पाहिलंत तर तसं म्हणणार नाही, पण दुपारी दोनला मी लोकांना दिसतच नाही, कारण तेव्हा मी आडवी असते. उकाड्यात हे सगळं आणखी वाढतं. मी मूळची मिरजेची, मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालत वाढलेली, आणि आता २७ अंशांना माझे पाय सोडून देतात.

बॅज मिळतो कुणाला

दोन दारं आहेत. पहिल्या दारातून सरळ प्रवेश मिळतो. तुम्हाला पीआयपी (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट), म्हणजे सगळे ज्याला 'पिप' म्हणतात तो आजार-अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता, मिळत असेल आणि त्यात 'चालणे-फिरणे' या भागात ८ किंवा जास्त गुण असतील, तर बॅज आपोआप मंजूर होतो. ८ गुणांचा अर्थ साधारण असा, की ५० मीटरपलीकडे तुम्हाला चालता येत नाही. प्रवासाचं नियोजन करण्याच्या भागात तीव्र मानसिक त्रासामुळे घराबाहेरच पडता येत नाही म्हणून १० गुण मिळाले असतील, तरी हेच. अंध म्हणून नोंद असलेल्यांनाही बॅज सरळ मिळतो.

दुसऱ्या दारात तपासणी असते. भत्ता नाही, पण चालताना खूपच अडचण होते, असे लोक इथून जातात. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये या दाराची चौकट रुंद झाली. ऑटिझम, स्मृतिभ्रंश, तीव्र चिंताविकार अशा कारणांनी ज्यांना प्रवासात स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असतो किंवा प्रचंड मानसिक त्रास होतो, त्यांनाही अर्ज करता येऊ लागला. वर्तमानपत्रांत तेव्हा 'आता न दिसणाऱ्या अपंगत्वालाही बॅज' असं आलं. त्यामुळे आधी तो मिळतच नव्हता असा अनेकांचा समज झालाय. ते खरं नाही. चालण्याची अडचण असेल तर आधीही मिळायचा, ती अडचण डोळ्यांना दिसो वा न दिसो. माझा पहिला बॅज त्या तारखेच्या आधीचा आहे.

आपल्या लोकांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. आपल्यातले पुष्कळजण नोकरीच्या व्हिसावर किंवा त्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर इथे असतात. त्यावर 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते मागता येणार नाहीत, असा शेरा असतो. पीआयपी त्या पब्लिक फंड्सच्या यादीत आहे, म्हणून असा शेरा असताना तो मागायचा नाही. व्हिसाला धोका होऊ शकतो. ब्लू बॅज मात्र त्या यादीत नाही. तो पैशांचा लाभ नाही, तुमची कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, देते ती पार्किंगची सवलत आहे. २०१८ मध्ये मी नवऱ्याच्या व्हिसावर होते आणि 'आपल्याला काही मागता येत नाही' असं गृहीत धरून वर्षभर गप्प बसले. त्या वर्षी मी सुपरमार्केटच्या गाडीतळावर दोनदा पडले.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरून जातो आणि निर्णय तुमची कौन्सिल घेते. इंग्लंडमध्ये बॅजची फी १० पौंडांपर्यंत, मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. निर्णयाला १२ आठवडेही लागू शकतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे काही नियम वेगळे आहेत. मी लिहितेय ते इंग्लंडचं.

फॉर्म भरताना

माझा पहिला अर्ज नामंजूर झाला आणि तो माझ्याच हाताने झाला. 'तुम्ही किती चालू शकता?' या प्रश्नाला मी लिहिलं होतं, सावकाश गेलं तर बरंच चालता येतं. 'चालताना वेदना होतात का?' खाली लिहिलं, फारशा नाहीत, दमायला होतं. आमच्या घरात कुणी 'कशी आहेस' विचारलं की 'बरी आहे' म्हणायची पद्धत. दुखण्याचं रडगाणं गाणारीला नावं ठेवायचे. तीच सवय मी इंग्रजीत भाषांतर करून सरकारी फॉर्मवर उतरवली. कौन्सिलने ते वाचलं आणि तुम्हाला बऱ्यापैकी चालता येतं, असं कळवलं. त्यांचं काय चुकलं?

दुसऱ्या वेळी एमएसची नर्स म्हणाली, विशेषणं लिहू नकोस, आकडे लिही. तपासणाऱ्यांकडे असलेल्या मार्गदर्शनात ८० मीटरचा उल्लेख आहे. तेवढं अंतर विशेष त्रासाशिवाय चालता येत असेल, तर साधारणपणे बॅज नाही. पण नुसतं अंतर बघत नाहीत. वेग बघतात, आणि थांबण्याचा वेळ धरून मिनिटाला ४० मीटरही होत नसतील तर तो अतिशय मंद वेग समजतात. धाप, वेदना, चालण्याची ढब, काठीचा आधार, पडण्याचा धोका हेही धरतात. अडचण निदान ३ वर्षं टिकणारी असावी लागते. माझे टपालपेटीचे आकडे इथे बसले. ६० मीटरला अडीच मिनिटं म्हणजे मिनिटाला २४ मीटर.

मी लिहिलं ते साधारण असं होतं: 'घरापासून टपालपेटी ६० मीटर आहे. आठवड्यातले चार-पाच दिवस मला तिथे जायला अडीच ते तीन मिनिटं लागतात. ३५ मीटरच्या आसपास उजवं पाऊल उचलेनासं होतं, बोटं जमिनीला घासतात, म्हणून कुंपण धरून अर्धा मिनिट थांबावं लागतं. परतताना दोनदा थांबते. त्यानंतर तासभर झोपावं लागतं. उरलेल्या दोन-तीन दिवशी मी तेच अंतर मिनिटभरात जाते, पण पुन्हा चालायला गेले तर दुसरी फेरी अडीच मिनिटांची होते. मार्चपासून चार वेळा पडले, त्यातल्या दोन वेळा गाडीतळावर.'

चांगले दिवस लपवू नका. लपवलेत तर तपासणीत उघडे पडतात, आणि खोटं बोलायची गरजही नाही. मात्र आठवड्यातले किती दिवस चांगले आणि किती वाईट ते मोजून लिहा. आणि जातानाचं नाही, परतीचं चालणं लिहा. न दिसणाऱ्या दुखण्याची सगळी गोम परतीच्या वाटेत असते.

कागदांचं फार अवघड नाही. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, औषधांची यादी, आणि तज्ज्ञ डॉक्टरांची किंवा नर्सची पत्रं. जीपीकडून, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून, वेगळं पत्र मागायला गेलात तर त्याचे पैसे पडू शकतात. त्याआधी घरातली फाइल उघडा. प्रत्येक भेटीनंतर हॉस्पिटल जीपीला पत्र पाठवतं आणि एक प्रत तुम्हाला येते. त्यातलं असं पत्र शोधा ज्यात चालण्याबद्दल काही म्हटलंय. नुसत्या आजाराच्या नावाने काम होत नाही. एमएस असलेली माणसं मॅरेथॉनही पळतात, हे त्या कौन्सिलवाल्यांनाही ठाऊक असतं.

तपासणीला बोलावलं तर

मला बोलावलं. फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, चांगल्या होत्या. त्या बाहेरच्या खोलीत स्वतः न्यायला आल्या आणि तिथपासूनच बघत होत्या, हे मला नंतर उमगलं. मी मात्र 'बाई ताटकळतायत' म्हणून लगबगीने उठले. आपल्याकडच्या बायकांना हे सांगावंच लागतं: लगबग करू नका. रोज चालता तसंच चाला. आदल्या दोन दिवसांत विश्रांती घेऊन ताज्यातवान्या होऊन जाऊ नका, आणि मुद्दाम दमूनही जाऊ नका. वेळ निवडता येत असेल तर तुमचं शरीर ज्या वेळी नेहमीसारखं असतं ती वेळ मागा. मी पहाटे उठून, आवरून, कडक इस्त्रीचा कुर्ता घालून सकाळी साडेनऊची वेळ गाठली होती. म्हणजे दिवसातली माझी सगळ्यात धडधाकट वेळ!

एकट्या जाऊ नका. त्यांनी विचारलं, तोल जातो का? मी म्हटलं, अधूनमधून. शेजारी बसलेला नवरा म्हणाला, चार वेळा पडली आहे आणि एकदा जिन्यावरून. मला तेव्हा त्याचा राग आला होता. बॅज त्या वाक्याने मिळाला, असं मला आजही वाटतं.

तरी नकार आला तर कौन्सिलने कारण लेखी द्यायचं असतं. ते कारण समोर ठेवा, त्याला उत्तर देणारा नवा पुरावा जोडा आणि फेरविचार मागा. त्यावर न्यायाधिकरणात अपील वगैरे होत नाही. कौन्सिलने काम नीट पद्धतीने केलं नाही असं वाटत असेल तर लोकपालाकडे, म्हणजे ऑम्बुड्समनकडे जाता येतं. पण लोकपाल तुम्हाला बॅज देत नाही, पद्धत चुकली का एवढंच बघतो.

आणि गाडी तुम्ही स्वतः चालवत असाल तर बॅजच्या आधी डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवा. एमएस असेल तर कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. लायसन्स जाईल या भीतीने आपले लोक हे लपवतात. माझं गेलं नाही. तीन वर्षांचं करून दिलं, दर वेळी नवा फॉर्म भरते. विमा कंपनीलाही सांगून ठेवा.

बॅज हातात आल्यावर

पाकिटात दोन वस्तू येतात, बॅज आणि निळं पुठ्ठ्याचं घड्याळ. बॅजच्या एका बाजूला चकाकणारं चित्र असतं, दुसऱ्या बाजूला तुमचा फोटो आणि नाव. चकाकणारी बाजू वर ठेवायची, फोटो खाली, आणि बाहेरून स्पष्ट वाचता येईल असा डॅशबोर्डवर. मी पहिल्याच आठवड्यात फोटो वर ठेवला. म्हटलं, कुणी शंका घेतली तर माझं तोंड तरी दिसेल. परत आले तर काचेवर दंडाच्या नोटिशीचं पिवळं पाकीट. कौन्सिलची अशी नोटीस आली तर घाबरून लगेच पैसे भरू नका, आणि पाकीट ड्रॉवरमध्येही टाकू नका. १४ दिवसांच्या आत बॅजच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडून आक्षेप पाठवा. १४ दिवसांत दंड अर्धाच असतो, आणि त्या मुदतीत पाठवलेला आक्षेप फेटाळला तरी सहसा ती अर्धी रक्कम भरायची पुन्हा संधी देतात. माझी नोटीस त्यांनी रद्द केली.

रस्त्यावरच्या डिसेबल्ड बेमध्ये, म्हणजे अपंगांसाठी आखलेल्या जागेत, फुकट थांबता येतं, आणि पाटीवर वेळेची मर्यादा नसेल तर हवा तितका वेळ. पे-अँड-डिस्प्लेच्या, म्हणजे पैसे भरून तिकीट काचेत लावायच्या, रस्त्यावरच्या जागांतही पैसे नाहीत. मोठी सवलत आहे ती पार्किंगबंदीच्या पिवळ्या रेघांची. एक असो की दोन, इंग्लंडमध्ये त्यावर ३ तास थांबता येतं. तिथे ते पुठ्ठ्याचं घड्याळ पोचल्याच्या वेळेला लावून बॅजशेजारी ठेवायचं. त्याच रस्त्यावर परत यायचं तर मध्ये किमान एक तास जायला हवा. पण रेघ बघायच्या आधी फुटपाथच्या कडेकडे बघा. तिथे आडव्या छोट्या पिवळ्या खुणा असतील तर माल चढवण्या-उतरवण्याची बंदी आहे, आणि त्या बंदीच्या वेळेत तुमचा बॅजही चालत नाही. दोन-दोन खुणा असतील तर कधीच नाही. लाल रेघा, बसची मार्गिका चालू असतानाची वेळ, झेब्रा क्रॉसिंगजवळच्या नागमोडी रेघा, इथेही नाही. आणि रस्त्याला अडथळा होत असेल तर रेघ असो नसो, थांबू नका.

लंडनच्या मध्यभागी हे सगळं विसरा. सिटी ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन आणि चेल्सी, आणि कॅम्डेनचा काही भाग, इथे बॅजची योजना नेहमीसारखी लागू नाही आणि पिवळ्या रेघेची सवलत मिळत नाही. आपल्याला हे हमखास नडतं, कारण भारताचं उच्चायुक्तालय ऑल्डविचला आहे, म्हणजे वेस्टमिन्स्टरमध्ये. त्या भागात ब्लू बॅजचे स्वतंत्र बे आहेत, ते आदल्या रात्री नकाशावर शोधून ठेवायचे आणि त्यांच्या वेळाही वाचायच्या. कन्जेशन चार्ज, म्हणजे लंडनच्या मध्यभागी गाडी नेण्याचा आकार, मात्र बॅजवाल्यांना पूर्ण माफ होतो. त्यासाठी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आधी नोंदणी करावी लागते, १० पौंड भरून. न नोंदवता गेलात तर कॅमेऱ्याला तुमचा बॅज दिसत नाही.

खासगी गाडीतळ, म्हणजे सुपरमार्केट, मॉल, सिनेमा, यांचं गणित वेगळं. तिथे बॅज लावला म्हणजे फुकट असं नाही. पाटी वाचायची. काही ठिकाणी बॅजवाल्यांना जास्त वेळ देतात, पण मशीनवर किंवा काउंटरवर गाडीचा नंबर घालावा लागतो. इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत बॅजवाल्यांना बहुतेक ठिकाणी पार्किंग मोफत आहे, तिथेही रिसेप्शनवर नंबर नोंदवायला विसरू नका. कॅमेरा फक्त नंबरप्लेट वाचतो.

सुपरमार्केटसाठी माझी खास युक्ती आहे, आणि ती दाराजवळच्या जागेची नाही. मी ट्रॉल्या ठेवतात त्या छपराजवळचा बे बघते. ट्रॉली हीच माझी काठी. गाडीतून उतरल्यावर चार पावलांत ट्रॉली हाताशी आली की आतले सगळे फेरे मी तिच्या आधाराने मारते, आणि सामान गाडीत टाकल्यावर तिला परत करायला फार जावं लागत नाही. ट्रॉलीसाठी एक पौंडाचं नाणं मी गाडीच्या ॲशट्रेत कायम ठेवलेलं असतं. मुलगा ते चॉकलेटसाठी लंपास करतो, तेवढं बघावं लागतं.

दोन बे रिकामे असतील आणि त्यातल्या एकाच्या बाजूला पिवळ्या तिरप्या पट्ट्यांची मोकळी जागा असेल, तर मी ती सोडून दुसरा घेते. ती सव्वा मीटरची पट्टी व्हीलचेअर उतरवण्यासाठी आहे. मला अंतर कमी हवं असतं, रुंदी नको. असा नियम काही नाही. एकच रिकामा असेल तर बिनदिक्कत घ्या. पण त्या पट्ट्यांवर गाडी कधीच लावू नका, 'दोनच मिनिटं' म्हणूनही नाही.

लोकांच्या नजरा

बॅज मिळाल्यावर सहाएक महिन्यांनी एका गाडीतळावर एक आजोबा काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, तुम्ही अपंग दिसत नाही. मी गडबडून त्यांना माझा सगळा आजार सांगितला, मूत्राशयासकट. ते ओशाळले, मी ओशाळले, आणि घरी येऊन मी रडले. आता मी तसं करत नाही.

बॅज तपासायचा अधिकार पोलिसांना आहे, पार्किंगच्या वॉर्डनला आहे, आणि कौन्सिलच्या अधिकृत माणसाला आहे. हा शेवटचा साध्या कपड्यांतही असू शकतो, पण ओळखपत्र दाखवतो. त्यांनी मागितला तर द्यायचाच, नाकारणं गुन्हा आहे. बाकी कुणालाही, काठीवाल्या आजोबांनाही, तुम्ही काहीही दाखवायला किंवा सांगायला बांधील नाही. मी आता एवढंच म्हणते, 'हो, दिसत नाही. बॅज लावलेला आहे. तुमचा दिवस चांगला जावो.' आणि चालू लागते. कुणी आवाज चढवला तर गाडीत बसून दार लावते, नाहीतर दुकानात जाऊन तिथल्या माणसाला सांगते. वाद घालत उभं राहायला पायांत बळ लागतं. ते मला आत दूध घ्यायला हवं असतं.

मला त्या आजोबांचा राग नाही. त्यांनी मला आत जाताना पाहिलं. बाहेर येताना थांबले असते, तर ट्रॉलीवर ओणवी झालेली बाई त्यांना दिसली असती.

आपल्या माणसांचं जास्त अवघड असतं. आमच्या गावच्या मंडळाच्या गणपतीत एक काकू म्हणाल्या, 'अगं, एवढी तुकतुकीत दिसतेस, तुला कशाला ते निळं कार्ड?' पुढे हळूच, 'आमच्या ह्यांना मिळेल का गं? ऑफिसजवळ पार्किंगची फार बोंब आहे.' या दोन वाक्यांमध्ये त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. काकूंना मी सांगितलं तेच इथे सांगते. बॅज माणसाचा असतो, गाडीचा नाही. मी ज्या गाडीत आहे त्या कुठल्याही गाडीत तो लावता येतो, टॅक्सीतसुद्धा. पण मी घरी आणि नवरा माझा बॅज लावून बाजारात, हा गुन्हा आहे. १,००० पौंडांपर्यंत दंड होतो आणि बॅजही जाऊ शकतो. मी गाडीतच बसून राहणार आणि तो पळत जाऊन कोथिंबीर आणणार, असं असेल तर आम्ही साध्या जागेत लावतो.

सासूबाई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या तेव्हा याची खरी परीक्षा झाली. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट, आणि ते दिसतात. आम्ही दोघी गाडीतून उतरलो की लोक त्यांच्याकडे बघून हसायचे, माझ्यासाठीही दार धरायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्या बॅजवर माझ्याकडे कुणी डोळे वटारले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, 'ते कार्ड माझ्या नावावर करून टाक की, तुला कोण विचारणार नाही.' त्यांना समजावता समजावता पुरेवाट झाली. मी सोबत उतरत असेन तर लावायचा, त्या एकट्या त्यांच्या लेकाबरोबर जात असतील तर नाही. त्या आठवड्याला दोनदा लेकाबरोबर मंदिरात जायच्या आणि परत आल्यावर मला ऐकू जाईल असं गुडघ्यांना तेल चोळायच्या.

भारतात गेलात तर हा बॅज घरीच ठेवा, तिकडे त्याला काही अर्थ नाही. भारतात २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पण इथल्यासारखा देशभर चालणारा पार्किंगचा बॅज नाही. पुण्यातल्या एका मॉलच्या तळघरात व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या जागेवर शंकू ठेवला होता. भावाने काच खाली करून तो काढायला सांगितला. सुरक्षारक्षक गाडीत डोकावला, मागे-पुढे नीट बघितलं आणि अदबीने विचारलं, 'साहेब, दिव्यांग कुठे आहेत?' मी हात वर केला. वर्गात करतात तसा. त्याने शंकू काढला.

आज बरं वाटतंय, मग बॅज लावू की नको? हा प्रश्न मला अनेकजणी विचारतात. लावा. आत शिरताना बाहेर येणाऱ्या पायांची कुणाला खात्री आहे? मी तो लावत नाही ते फक्त मुलाला शाळेच्या दारात सोडायचं असतं तेव्हा, कारण मी उतरतच नाही.

बॅज गाडीत विसरू नका, चोरीला जातात. गेला तर आधी पोलिसांना, मग कौन्सिलला कळवा. आणि मुदत संपत आली की कुणी आपणहून नवा पाठवत नाही, सगळा अर्ज पहिल्यापासून करावा लागतो. मी मुदतीच्या १२ आठवडे आधीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवते. ती तारीख आली की पहिलं काम टपालपेटीपर्यंत चालायचं, घड्याळ लावून. गेल्या वेळी तीन मिनिटं दहा सेकंद लागली. त्यात थोडा दोष शेजाऱ्यांचा. त्यांनी ते लाकडी कुंपण काढून झुडपं लावलीत, आणि झुडपाला धरता येत नाही. त्यांचा कचऱ्याचा डबा बरोबर त्या ३५ मीटरच्या जागी येतो, पण तो रस्त्यावर फक्त मंगळवारी असतो. म्हणून मी पत्रं मंगळवारी टाकते.